थांबणारी मूठ

देवयानीला माणसांच्या पायांची किळस यायची, आणि नशिबाने तिला धंदा मिळाला तो अनवाणी मुलांचा. डोंबिवली पूर्वेला एका मंगल कार्यालयाच्या तळघरात तिचा कराटेचा वर्ग भरायचा. वर लग्नं लागायची, खाली मुलं लाथा मारायची. मुहूर्ताच्या दिवसांत आदल्या दिवशीच्या अक्षता, चुरगळलेली निशिगंधाची फुलं आणि मठ्ठ्याचे ओघळ जिन्यावरून थेट मॅटपर्यंत आलेले असायचे. आधी झाडू मारायचा आणि मग मॅटला नमस्कार करायचा, असा तिचा नियम होता. तरी एखादी अक्षत कुणाच्या तरी टाचेला चिकटून राहायचीच. मोज्यांचा, ओल्या रबराचा आणि शिळ्या बासुंदीचा मिळून जो वास त्या तळघरात कोंडलेला असे, त्याला एवढी वर्षं झाली तरी तिचं नाक सरावलं नव्हतं.

पायांचं एक वेळ चालेल, पाय धुता तरी येतात. पालकांचं काय करणार? ते जिन्याच्या पायऱ्यांवर मोबाइल धरून बसायचे आणि तिथूनच शिकवायचे. कराटेतलं ओ की ठो कळत नाही आणि 'कोपर वर घे, कोपर' असं उंटावरून शेळ्या हाकणं चालू. एका आईने तर समिधाबद्दल तक्रार आणली होती. समिधा ही मोठागावातल्या कोळ्यांची पोर, तिची आई बाजारात मासळी विकायची. 'माझ्या मुलीला तिच्या जोडीला देऊ नका हं मॅम, तिच्या ड्रेसला वास येतो,' असं ती बाई नाकाने कांदे सोलत म्हणाली. देवयानीने दुसऱ्याच दिवशी तिच्या मुलीला समिधाच्या जोडीला दिलं. समिधाने तिला हसत हसत अशी काही आडवी केली, की वासाचा विषय पुन्हा निघाला नाही.

देवयानीला एका गोष्टीचा मात्र अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. सगळ्यांना एकाच काठीने हाकणारी मास्तरकी तिला मान्य नव्हती. मुलाचा स्वभाव ओळखायचा आणि त्याच दाराने आत शिरायचं, ही तिची पद्धत. समिधाला मार खाल्ल्याशिवाय शिकता यायचं नाही, म्हणून तिला आधी चार फटके खाऊ द्यायचे. चिडली की ती जे शिकायची ते जन्मात विसरायची नाही. ऋजुताची तऱ्हा निराळी. ती दहावीत पहिली आलेली मुलगी, कराटेही पाठ करायची. तिच्या हालचाली एवढ्या रेखीव की बघत राहावं, पण समोर कुणी उभा आहे आणि त्याच्याशी आपल्याला लढायचंय, हे तिच्या गावीही नसे. नवीन डाव शिकवला की तिचा पहिला प्रश्न, 'मॅम, ह्याला परीक्षेत किती मार्क?' तिला देवयानी मार्कांनीच शिकवायची. उबग यायचा, पण शिकवायची.

आणि मग होता स्वानंद. त्याच्या बाबांनी त्याला लहानपणी आणून सोडला तोच मुळी 'ह्याला जरा खमका करा' असं सांगून. पोरगा दिसायला उंच, हाडापेराने मजबूत, पण स्वभाव असा की लाथ मारायच्या बॅगेला लाथ लागली की बॅगेला हात लावून तो हात छातीला लावायचा. पुस्तकाला पाय लागल्यावर आपण करतो तसं. दर लाथेमागे एक नमस्कार. वर्ग खो खो हसायचा. माणसावर तर त्याचा हातच उठायचा नाही. लाजून किंवा घाबरून नव्हे. मार खायला तो कधीच भ्यायला नाही. दुसऱ्याला लागेल ह्याचीच त्याला भीती.

देवयानीने त्याचंही दार शोधलं. तिच्या गुरूंकडून आलेल्या कराटेत चेहऱ्यावरचा ठोसा लावायचा नसतो. तो पुऱ्या ताकदीने मारायचा आणि कातडीच्या बोटभर अलीकडे थांबवायचा. लागला तर मारणारा बाद. ह्यालाच ती कंट्रोल म्हणायची. तिने स्वानंदला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, तुझी मूठ कुणाला लागणारच नाहीये. ती थांबणार आहे. आणि ती थांबणार आहे म्हणूनच तू बिनधास्त मारू शकतोस." पोराच्या चेहऱ्यावरचं ओझंच उतरलं. त्या दिवसापासून तो मारायला लागला. काय मारायचा! कंबर फिरायची, खांदा खाली, आणि ती सणसणत आलेली मूठ समोरच्याच्या नाकापाशी येऊन खिळ्याने ठोकल्यासारखी उभी राहायची. ठाण्याहून परीक्षा घ्यायला येणारे त्र्यंबक सर, म्हणजे देवयानीचे गुरू, एकदा म्हणाले होते, "अशी थांबणारी मूठ मी आजवर पाहिली नाही."

ह्या सरावासाठी समोर न डगमगता उभं राहणारं कुणीतरी हवं होतं. तिथे देवयानीने साकेतला उभं केलं.

साकेत तिचा भाचा, नीलाताईचा एकुलता एक. देवयानीने लग्न केलं नाही. ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ती राहायची आणि निम्मी जेवणं ताईकडेच व्हायची. साकेत चालायला लागला तो तिचं बोट धरून, आणि पहिला ठोसा मारला तोही तिच्याच तळहातावर. घरी मावशी, वर्गात मॅम. त्याच्याइतका गुणी मुलगा तिच्या हाताखाली दुसरा आला नव्हता. समोरच्याचा खांदा हलायच्या आधी त्याला कळायचं की हा काय करणार. तिनेच शिकवलं होतं त्याला ते. जेवताना, स्कूटरवर मागे बसवून नेताना ती त्याला एकेकाचं सांगायची. समिधा चिडली की उजवी बाजू उघडी टाकते. ऋजुता मोजून हालते. स्वानंद काही झालं तरी लावणार नाही. साकेत सगळं ऐकायचा आणि त्याला सगळं लक्षात राहायचं.

येत्या रविवारी ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. साकेत, स्वानंद आणि ऋजुता तिघं बसणार होते. देवयानीच्या हाताखाली थेट पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्यापर्यंत पोचलेली ही पहिलीच मुलं. बुधवारी स्वानंद आला नाही. तो तापातही यायचा, म्हणून तिला नवल वाटलं. त्याच्या बाबांचा मेसेज आला, 'बरं नाही, रविवारी नक्की येईल.' ऋजुताने लगेच विचारलं, "मॅम, तो नाही आला तर कुमितेला माझी जोडी कोण? म्हणजे माझे मार्क नाही ना कापणार?" कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत. मुलं एकमेकांकडे बघत होती आणि बघून नजर वळवत होती. साकेत नेहमीसारखा सगळ्यांत पुढे, ताठ, घामाचा टिपूस नाही.

वर्ग सुटल्यावर समिधा रेंगाळली. मॅट गुंडाळायचं तिचं काम नसताना ती मॅट गुंडाळत बसली.

"काय गं?"

"मॅडम, तुमाना येक दावू का? पन मना वरडू नका."

तिने मोबाइल पुढे केला. रेतीबंदराच्या बाजूची खाडीकाठची जागा दिसत होती, ओळखीची. पाच-सहा पोरं कोंडाळं करून उभी. मधे स्वानंद आणि साकेत, दोघं कॉलेजच्या कपड्यांत. साकेतचे हात पाठीमागे. तो हसत म्हणत होता, 'मार ना. मार रे. बघा हां आता.' आणि त्याने स्वानंदच्या कानफटात एक ठेवून दिली. स्वानंदची मूठ सुटली. देवयानीच्या मनात पहिलं आलं ते हे, की कंबर काय सुरेख फिरली. मूठ साकेतच्या नाकाशी येऊन थांबली, बोटभर अलीकडे. पोरं ओरडली, 'आयला, खरंच थांबतो हा.' साकेतने हनुवटी पुढे केली, मूठ होती तिथेच. मग त्याने हात पाठीमागून काढले आणि स्वानंदच्या नाकावर मारलं. मारून हात परत पाठीमागे. 'अजून एक. मार.' पुन्हा ती मूठ आली, पुन्हा थांबली. पुन्हा मार बसला. कुणीतरी रोबोचा आवाज काढत होता. स्वानंदच्या ओठावरून रक्त हनुवटीवर आलं तरी त्याची मूठ दर वेळी अगदी शिकवली तशी येत होती आणि शिकवली तिथे थांबत होती.

देवयानीला साकेतची तर शिसारी आलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या त्या पहिल्या विचाराची आली. रक्ताळलेल्या पोराकडे बघून तिला कंबर दिसली होती.

"हे कुणाकुणाला माहितीये?"

"सगल्यांना. आपल्या ग्रुपवर हाय ना. तुमीच नाय त्यान." समिधाने मोबाइल खिशात घातला. "ऋजुतानी तं अंगठा पन दिलाय."

त्याच संध्याकाळी ती ताईकडे गेली. नीलाताई रविवारच्या फराळाचं बघत होती, चकल्यांचा डबा उघडा होता. साकेत टेबलाशी बसून पोहे खात होता, हिरव्या मिरच्या बोटाने बाजूला करत. देवयानीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तो खात राहिला.

"मस्करी होती, मावशी. बेट लागलेली. पोरांना खरं वाटत नव्हतं की एवढ्या जोरात आलेला हात थांबतो."

"तू त्याला मारलंस."

"त्याने पण मारायचं ना मग. मी काय त्याचे हात बांधलेले?"

"तो लावणार नाही हे तुला माहीत होतं."

"हो, म्हणून तर बेट लावली." त्याने वर बघितलं. चेहरा निर्मळ, लहानपणी दूध पिऊन ग्लास दाखवायचा तसा. "तूच सांगितलेलंस ना, समोरच्याचा स्वभाव वाच. मी वाचला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. देवयानीला त्याच्याकडे बघवेना. ती चकल्यांच्या डब्याकडे बघत म्हणाली, "ताई, ह्याला मी रविवारी बसवणार नाही."

नीलाताई हातातलं काम टाकून तिच्या शेजारी येऊन बसली. ती भांडली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चुकलाच तो. मी बोलते त्याला. पण देवू, त्याचे काका-काकू कल्याणहून येतायत, सगळ्यांना सांगून झालंय. कॉलेजच्या स्पोर्ट्स कोट्याला हाच बेल्ट लावायचाय. आणि तो मुलगा तरी कुठे तक्रार करतोय? त्याचे बाबाच म्हणाले, पोरांचं भांडण आहे, मिटलं. तू कशाला उकरून काढतेस? लहान आहे गं तो अजून." तिचा हात देवयानीच्या गुडघ्यावर होता, पिठाचा. "तुझ्यासाठीच केलं ना त्याने हे कराटे एवढी वर्षं."

आणि देवयानी, जी वर्गात कुणाच्या बापाचं ऐकत नसे, ती ताईसमोर गप्प बसली. एक 'नाही' काय तो म्हणायचा होता. चहा आला, तो प्यायली. घरी येऊन तिने हात घासून घासून धुतले, तरी ते चिकटच वाटत राहिले.

शुक्रवारभर ती धुमसत होती. साकेत बेल्ट बांधून मिरवणार, लोक टाळ्या वाजवणार, काकू पेढे वाटणार. बेल्ट ज्याचा त्याच्या गुरूने स्वतःच्या हाताने बांधायचा, ही रीत. म्हणजे तिलाच बांधावा लागणार. तिला ताईला नाही म्हणवत नव्हतं आणि साकेतला हो म्हणवत नव्हतं. आणि अशा वेळी माणसाला भलतीच शक्कल सुचते.

शनिवारी दुपारी तिने स्वानंदला एकट्याला बोलावलं. बाबा सोडायला आले होते. स्वानंदच्या नाकावर चिकटपट्टी, डोळ्याखाली हिरवट डाग. बाबा जिन्यातच थांबून म्हणाले, "मॅडम, तयार करा हो ह्याला. एवढी वर्षं पाठवतोय आणि पोरगा पुतळ्यासारखा उभा राहून मार खातो. मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही." पोराचं नाक फुटलं त्याचं काही नाही, ह्यांना तोंडाची पडलेली. देवयानीने जिन्याचं दार लावून घेतलं.

तिने तळहात पुढे धरला. "मार."

त्याने मारलं. मूठ बोटभर अलीकडे थांबली.

"थांबवू नकोस. माझ्या हाताच्या मागे भिंत आहे असं समज. भिंतीपर्यंत जायचं."

"आपोआप थांबतो मॅम." तो ओशाळला. पुन्हा मारलं, पुन्हा थांबला. तिने रागावून पाहिलं, चुचकारून पाहिलं, त्या व्हिडिओची आठवण दिली. कशानेही होईना. "मला काही नाही वाटत त्याचं," तो म्हणाला. "त्याला मजा करायची होती. दुखलं थोडं, बस." हे तो खरंच म्हणत होता. त्याच्या मनात साकेतबद्दल काडीचा राग नव्हता, आणि त्या क्षणी देवयानीला त्याच्या ह्या चांगुलपणाचाही तिटकारा आला.

मग तिने जरा विचार केला. ह्या मुलाला स्वतःसाठी काही नको असतं. हा उठेल तर दुसऱ्यासाठी उठेल. दार सापडलं.

ती खाली बसली, त्यालाही बसवलं. "तुझं सोड. संध्याकाळच्या बॅचमधली ती बारकी पोरं आहेत ना, पिवळ्या पट्ट्याची? त्यांनाही मी मूठ थांबवायलाच शिकवलंय. उद्या साकेत सीनियर होणार. त्यांना तोच शिकवणार. पुढची बेट त्यांच्यावर लागणार. आज त्याला कळलं नाही की मूठ लागते, तर कधीच कळणार नाही. आणि कळवणारं दुसरं कुणी नाही."

स्वानंद बराच वेळ मॅटवर बोट ओढत राहिला. "नियमात बाद होईन मी."

"होशील. पुढच्या वर्षी बस. मी आहे."

"त्याला खूप लागेल?"

"थोडं," ती म्हणाली.

तो उठला. ह्या वेळची मूठ थांबली नाही. देवयानीचा हात खांद्यापर्यंत झिणझिणला, आणि तिला, लाज वाटायला हवी होती पण वाटली नाही, बरं वाटलं. तो लगेच सॉरी म्हणाला. तिने पुन्हा हात पुढे केला. अंधारून येईपर्यंत ती त्याच्याकडून मारून घेत होती, आणि तो दर ठोशाला सॉरी म्हणत होता.

रविवारी कार्यालय रिकामं होतं म्हणून परीक्षा वरच्या हॉलमध्ये घेतली. स्टेजवरचे राजाराणीचे लाल सोफे तसेच होते, त्यांतल्या एकावर त्र्यंबक सर बसले, पाठ ताठ, समोर तीन काळे पट्टे घडी घालून ठेवलेले. पालकांनी खुर्च्या भरल्या. नीलाताईने पैठणी नेसली होती, सोबत दीर-जाऊ, आणि मोबाइल आडवा धरलेला. स्वानंदचे बाबा पहिल्या रांगेत होते. ऋजुताचं आधी झालं. तिने सगळं बिनचूक केलं, स्वानंदशी लढतही पाठ केल्यासारखी लढली आणि पास झाली. बाजूला येऊन तिने देवयानीला विचारलं, "मॅम, टोटल कधी सांगतात?"

मग साकेत आणि स्वानंदला बोलावलं. दोघांनी सरांना नमस्कार केला, एकमेकांना केला. साकेत हसला. त्याला सगळं ठाऊकच होतं. समोर स्वानंद आहे म्हटल्यावर त्याने चेहऱ्यासमोरचा हात खाली सोडला, मान किंचित पुढे केली, खाडीकाठी केली होती तशी, आणि अगदी हळू म्हणाला, "मार ना."

स्वानंदने एकदा देवयानीकडे बघितलं. तिने मान डोलावली.

आवाज असा आला की खुर्च्यांमधली कुजबूज बंद झाली. साकेत मागे गेला, बसला, मग आडवा झाला. तोंडातून रक्त पांढऱ्या ड्रेसवर ओघळलं. समोरचा एक दात मॅटवर पडला होता. नीलाताई किंचाळली. त्या सगळ्या गोंधळात एकच माणूस टाळ्या वाजवत होता, स्वानंदचे बाबा. "असं पाहिजे," ते बाजूच्याला सांगत होते. "आज खरा माझा पोरगा."

स्वानंद गुडघ्यांवर बसला होता. त्याने आपल्या बाहीने साकेतचं तोंड पुसलं, दात उचलून त्याच्या हातात दिला, मान वर करून बसायला मदत केली. तो काहीतरी पुटपुटत होता. बहुतेक सॉरीच. साकेतने रक्त थुंकलं, जिभेने ती जागा चाचपली, आणि देवयानीकडे बघून हसला. त्या फुटक्या तोंडाने हसला. "शिकला की, मावशी," तो म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं.

त्र्यंबक सरांनी हात वर केला. "स्वानंद बाद. मूठ लागली. ह्या मुलाकडून अशी अपेक्षा नव्हती." त्यांनी देवयानीकडे बघितलं, काही विचारायचं असल्यासारखं, पण विचारलं नाही. "नियमाप्रमाणे लढत साकेतची. तो उत्तीर्ण."

स्वानंद तिच्यापाशी आला. उजव्या हाताची बोटं सुजायला लागली होती, तो हात त्याने दुसऱ्या हातात धरला होता. तो चिडलेला नव्हता. त्याने नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मॅम, त्याला बेल्ट मिळू नये असं तुम्हाला वाटत होतं ना?"

"हो."

"मग तुम्ही त्याला परीक्षेला बसवायचंच नव्हतं. तुम्ही नाही म्हणाला असतात तर झालं असतं." त्याने हाताकडे बघितलं. "ती बारकी पोरं वगैरे... ते मला मारायला लावायला सांगितलंत ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत असं काही कधी तिने पाहिलं नव्हतं, पण ते काय आहे हे तिला लगेच कळलं. जिन्यावर बसलेल्या पालकांकडे ती स्वतः अशीच बघायची. मग तो मागे सरला, मॅटला नमस्कार केला, आणि चपला घालायला गेला. बाबा त्याच्या पाठीवर थापा मारत मागोमाग गेले. समिधा दारात उभी होती. ती बाजूला झाली आणि मग तीही पिशवी उचलून त्यांच्या मागे निघून गेली.

"देवयानी," त्र्यंबक सरांनी हाक मारली. "ये. तुझा विद्यार्थी आहे, तू बांध."

साकेत उभा होता, तोंडात कापसाचा बोळा धरून. नीलाताईचे डोळे रडून लाल झाले होते, पण मोबाइल पुन्हा आडवा धरला होता. देवयानी स्टेजपाशी गेली. सरांच्या हातून तिने काळा पट्टा घेतला, साकेतच्या कमरेभोवती फिरवला, टोकं सारखी केली आणि गाठ बांधली. गाठ चांगली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ऋजुतानेही वाजवल्या. साकेत नमस्काराला वाकला, त्याच्या ओठावरचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला, आणि ती काही ठरवायच्या आत तिच्या तोंडून नेहमीसारखं निघून गेलं, "यशस्वी हो."